ही गोळी आईला कशाला?

छातीच्या ओपीडीत समुपदेशन करताना हा प्रश्न मला बहुतेक वेळा खाली मान घालूनच विचारला जातो. साठीच्या एका काकूंचा मुलगाही तसाच आला. काकूंना बाहेर बाकावर बसवून त्याने दार लोटलं आणि चिठ्ठी पुढे केली. "मॅडम, सिल्डेनाफिल लिहिलंय, म्हणजे पुरुषांची ती व्हायग्रा. मेडिकलवाला हसला. ही गोळी आईला कशाला?" गोळ्या त्याने घेतल्याच नव्हत्या.

काकूंना स्क्लेरोडर्मा, म्हणजे त्वचा आणि आतले अवयव घट्ट करत नेणारा आजार. फुफ्फुसं राठ होत चाललेली, त्यांच्या धमन्यांतला दाब वाढलेला. पायावर बोट दाबलं की खड्डा राहायचा. मी काकूंनाही आत बोलावलं. औषध त्यांना घ्यायचं, तर कारणही त्यांना कळायला हवं.

रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अगदी कणाकणाने बनवत असतं. त्याच्या निरोपावर भोवतीचा स्नायू सैल पडतो. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. फुफ्फुसाच्या आजारात हे अस्तर बिघडतं, वायू कमी पडतो, वाहिन्या आवळतात, त्यांच्या भिंती जाड होतात. अशा अरुंद वाटेतून रक्त रेटता रेटता हृदयाचा उजवा कप्पा थकतो आणि पाय सुजतात. वायूचा निरोप पुसून टाकणारं एक एन्झाइम असतं, त्याला सिल्डेनाफिल अडवतं. ते एन्झाइम फुफ्फुसाच्या वाहिन्यांत भरपूर असतं, बाईच्याही आणि पुरुषाच्याही. अमेरिकेत २००५ मध्येच फुफ्फुसाच्या धमन्यांतल्या उच्च दाबासाठी या औषधाला मान्यता मिळाली.

"मग त्यात लाजायचं काय? आण की रे," काकू म्हणाल्या.

मला मात्र वेगळीच काळजी होती. आणखी कुठली औषधं घेता, असं विचारल्यावर काकूंनी पर्समधून सॉर्बिट्रेटची, म्हणजे हृदयाच्या दुखण्यावरच्या गोळ्यांची, पट्टी काढली. छातीत भरून आलं तर जिभेखाली ठेवा, म्हणून शेजारणीने दिलेली. हीसुद्धा नायट्रिक ऑक्साइडच्याच वाटेने वाहिन्या सैल करते. दोन्ही एकत्र पोटात गेल्या तर रक्तदाब एकदम कोसळून जीवावर बेतू शकतं. लगेच डॉक्टरांना दाखवलं, पट्टी बंद झाली, आणि फाइलवर लाल पेनाने मोठ्या अक्षरांत तसं लिहिलं.

निघताना मुलाने विचारलं, "मामीला चुलीच्या धुराने सीओपीडी, तो श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार, झालाय. तिला चालेल ही?" मनाने अजिबात नको. फुफ्फुसाच्या ज्या भागात हवाच पोचत नाही, तिथल्या वाहिन्याही ही गोळी उघडते, आणि ऑक्सिजन आणखी उतरू शकतो. ऑक्सिजन कायमच फार कमी राहत असेल, तर अशा रुग्णांना घरी रोज किमान १५ तास ऑक्सिजन लावण्याचा फायदा होतो; ते तपासणीनंतर डॉक्टर ठरवतात. मामींना घेऊन ये म्हटलं, आणि तोवर चूल बंद, स्वयंपाक गॅसवर.