2012 सालच्या क्रेडिट कार्डच्या थकबाकीसाठी आता वसुलीवाले फोन करतायत, काय करू?

तुम्ही पेडण्याहून विचारलंय की 2012 मध्ये कार्डाचे 40 हजार राहिले होते, मधे सगळं शांत होतं, आणि आता कुठल्यातरी एजन्सीचा माणूस 2 लाख 80 हजार सांगतो, "आज 5 हजार टोकन टाका, उरलेलं सेटल करू, नाहीतर उद्या पोलीस" म्हणतो, वर आईच्या मोबाईलवर पण फोन करतो. तर आधी एवढंच, ते टोकन आज टाकू नका आणि कुठल्याही कागदावर सही करू नका, व्हॉट्सॲपवर "देतो हां थोडे थोडे" असं पण लिहू नका. का ते सांगतो, मी यातून गेलोय.

माझं डिचोलीत टिप्परच्या, म्हणजे खाणीचा माल नेणाऱ्या ट्रकच्या, स्पेअर पार्टचं दुकान होतं. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या आणि दोन महिन्यांत गिऱ्हाईकच संपलं, जे यायचे ते पण उधारीवर. मी बेअरिंग-टायरचा माल कार्डावर उचलून ठेवलेला, 48 हजार. मार्च 2013 मध्ये शेवटचे 1500 भरले आणि मग हात वर केले. खोटं कशाला बोलू, पैसे मी वापरले होते, देणं माझंच होतं, फक्त त्या वेळी घरात द्यायला काही नव्हतं. वर्षभर बँकेचे फोन आले, मग थांबले, आणि मला वाटलं विषय संपला.

2021 ची चवथ. आदल्या दिवशी संध्याकाळी मी स्टुलावर उभा राहून माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळापानांची आरास) बांधत होतो, एका हातात नारळ, तोंडात सुंभ, आणि फोन वाजला. पावणेआठ झाले असतील. पलीकडून हिंदीत, "सर आपके नाम का वॉरंट निकला है, कल टीम घर आएगी." 3 लाख 12 हजार. मागोमाग व्हॉट्सॲपवर नोटीस, वर सिंहाची राजमुद्रा, खाली लाल शिक्का, आणि मथळा "गोवा हायकोर्ट, पणजी". आता असं कुठलं कोर्टच नाही, आपल्याकडं आहे ते मुंबई हायकोर्टाचं गोवा खंडपीठ आणि ते पण त्याच वर्षी पर्वरीला नव्या इमारतीत गेलेलं. पण ही अक्कल नंतर आली. त्या रात्री बायको विचारत होती घरावर येतील का, आणि आपल्या गोव्यात लग्नानंतर मालमत्ता दोघांची समाईक धरतात त्यामुळं तिची भीती आणखीनच मोठी. चवथीचा तो पहिला दिवस आम्ही कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत.

सण झाल्यावर म्हापशाला एका वकिलाकडं गेलो. मी सगळी रामकहाणी सुरू केली, त्यानं हात वर करून एकच विचारलं, "शेवटचे पैसे कधी भरलेस?" म्हटलं मार्च 2013. "त्यानंतर काही लिहून दिलंस?" नाही. "कोर्टाचं समन्स आलं कधी?" नाही. "मग चहा घे."

गोष्ट अशी आहे की 1963 च्या लिमिटेशन ॲक्टप्रमाणं अशा पैशासाठी दावा लावायला ढोबळमानानं 3 वर्षं असतात, थकल्यापासून. ती गेली की कोर्टानं दावा फेटाळायचा असतो, तुम्ही मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी. देणं नाहीसं होत नाही, ते मागू शकतात, पण कोर्टातून वसूल करू शकत नाहीत. फरक बारीक वाटतो पण सगळं त्यावरच आहे. कारण तुमच्या हातून एखादा कागद गेला तर घड्याळ परत शून्यावर येतं. मुदत चालू असताना सही करून देणं कबूल केलं किंवा थोडे पैसे भरून त्याची लेखी नोंद दिली, तर त्या तारखेपासून नवीन 3 वर्षं. आणि मुदत संपल्यावर सही करून "मी भरीन" असं वचन दिलं, तर 1872 च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम 25 खाली तो नवा करारच होतो. संपल्यानंतर नुसते 5 हजार टाकल्यानं मेलेली मुदत जिवंत होत नाही, हे पण खरं आहे, पण टोकनबरोबर ते जो फॉर्म पाठवतात ना, त्यात काय लिहिलंय ते बघा.

माझा कुडचड्याचा एक दोस्त इथंच फसला. त्याची मुदत संपायला दोन महिने होते. एजंट घरी आला, गोड बोलला, 2 हजार घेतले आणि "पावतीसाठी" छापील कागदावर सही घेतली. कागदात बाकी रकमेची कबुली होती. दीड वर्षानं दावा लागला, मुदतीत, आणि डिक्री, म्हणजे पैसे भरायचा कोर्टाचा हुकूम, झाली. डिक्री झाली की मग 12 वर्षं तिची अंमलबजावणी करता येते.

म्हणून तुम्ही आधी शेवटच्या पेमेंटची तारीख शोधा, जुनं पासबुक काढा. तुमचं 2012 चं प्रकरण असल्यानं काळजी कमी, पण ज्यांचं 2018-19 चं आहे त्यांनी एक लक्षात घ्या, कोविडमुळं सुप्रीम कोर्टानं 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला होता, त्यामुळं त्यांची 3 वर्षं वाटतात त्यापेक्षा बरीच उशिरा संपली.

मग ई-कोर्ट्सच्या साइटवर स्वतःचं नाव टाकून बघा, उत्तर आणि दक्षिण दोन्ही गोवा. कधीतरी जुन्या पत्त्यावर समन्स जाऊन एकतर्फी निकाल लागलेला असतो आणि माणसाला गंधवार्ता नसते. खरं समन्स किंवा लवादाची नोटीस आली तर मात्र फेकू नका. मुदत टळली हे सांगायला तिथं उभं राहावं लागतं, घरात बसून नाही. लोक अदालतीचं पत्र वेगळं, तिथं गेलंच पाहिजे असं नाही आणि गेलात तरी तडजोड करायची सक्ती नाही, पण तिथल्या तडजोडीवर सही केलीत की ती डिक्रीच, अपील पण नाही.

पोलिसांचं म्हणाल तर कार्डाचं बिल थकणं हा दिवाणी मामला, त्यासाठी अटक होत नाही. चेक बाउन्स झाला तर मात्र फौजदारी, म्हणून पुढच्या तारखेचे चेक कुणी मागितले तर साफ नाही म्हणायचं.

आईला फोन करतात हे बघून मला जास्त राग आला. रिझर्व्ह बँकेनं 2022 मध्ये स्पष्ट सांगितलंय की सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचा फोन नाही, घरच्यांना, मित्रांना त्रास देऊन चारचौघांत अपमान करायचा नाही. (माझा पावणेआठचा फोन 2021 चा, तेव्हा पण ते सभ्य नव्हतंच.) आईला सांगा, फोन उचलून फक्त "जे आहे ते मुलाला लेखी पाठवा" एवढं म्हणायचं आणि ठेवायचा. कॉल रेकॉर्ड करा, नंबर, वेळ वहीत लिहा.

मी काय केलं तर बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला आणि त्या एजन्सीला एकच पत्र पाठवलं. मजकूर साधारण असा: "आपण मागत असलेली रक्कम मला मान्य नाही. मूळ स्टेटमेंट, शेवटच्या भरण्याची तारीख, कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं असल्यास त्याचा कागद आणि वसुलीसाठी नेमल्याचं बँकेचं अधिकारपत्र पाठवावं. यापुढे फक्त लेखी संपर्क करावा. हे पत्र म्हणजे देण्याची कबुली नव्हे." ते शेवटचं वाक्य गाळू नका. तुम्ही पोस्टात जाल तेव्हा रजिस्टर विचाराल तर स्पीड पोस्टच देतील, 2025 मध्ये दोन्ही एकच झालंय, पोच झाल्याचा पुरावा तेवढा मागून घ्या. बँकेनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवीचं दिलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार, फुकट आहे, माहितीसाठी 14448.

मला कागद कधीच आले नाहीत. फोन दीड महिन्यात थांबले. वर्षानं दुसऱ्या एजन्सीचा आला, मी त्याच पत्राचा फोटो पाठवला, परत आला नाही.

आता तुम्हाला मनापासून भरायचं असेल तर ती पण चूक नाही, मला स्वतःला ते 48 हजार अजून टोचतात. पण मग थेट बँकेशी बोला, आधी लेटरहेडवर सेटलमेंटचं पत्र, मग स्वतःच्या खात्यातून बँकेच्या खात्यात, कुणाच्या पर्सनल यूपीआयवर एक रुपया नाही (असे भामटेच जास्त, पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला 1930 वर फोन), आणि शेवटी नो ड्यूज, म्हणजे काही देणं बाकी नाही असा बँकेचा दाखला. सिबिलवर "सेटल्ड" (म्हणजे कमी भरून मिटवलं) येतं, "क्लोज्ड" नाही, हे पण आधीच माहीत असू दे. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढून बघा, इतकी जुनी नोंद कदाचित गेलेली पण असेल.

आणि हो, त्याच बँकेत तुमचं किंवा आईबरोबर जॉइंट सेव्हिंग खातं असेल तर पत्र टाकण्याआधी पगार दुसरीकडं वळवा. खात्यातून परस्पर वळते करून घेतले तर मागे धावायला तुम्हालाच लागेल, माझ्या मेव्हण्याचे 11 हजार असेच गेले.