तापी गॅस पाइपलाइन भारतापर्यंत अजून का पोहोचली नाही?

आधी एक खुलासा: ही आपली खानदेशातली तापी नव्हे! तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान, इंडिया यांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडलं.

तुर्कमेनिस्तानातल्या गल्किनिश वायुक्षेत्रातून निघून हेरात, कंदाहार, क्वेट्टा, मुलतानमार्गे पंजाबातल्या फाझिल्कापर्यंत सुमारे १,८०० किलोमीटर नळ टाकायचा आणि वर्षाला ३३ अब्ज घनमीटर गॅस आणायचा, असा बेत आहे. डिसेंबर २०१५मध्ये भूमिपूजन झालं. तुर्कमेनिस्तानने आपला टप्पा उरकला, २०२४मध्ये हेरातच्या दिशेने काम सुरू झालं, पुढे मात्र सगळं कागदावरच.

खरी अडचण अशी की नळाचा कॉक दुसऱ्याच्या हातात राहतो. भांडण झालं की पुरवठा बंद, आणि नळ काही उचलून दुसरीकडे नेता येत नाही. भारत पाकिस्तानचे संबंध पाहता त्यात अब्जावधी डॉलर कोण घालणार? म्हणून आपण जहाजाने येणाऱ्या द्रवरूप गॅसवर भर दिला. दहेज, दाभोळ ही टर्मिनल त्यासाठीच. तो महाग पडतो हे खरं, पण कतारशी बिनसलं तर अमेरिकेकडून घेता येतो. माझ्या मते फाझिल्काची वाट पाहण्यात अर्थ नाही.