कबर्डमधले कप कुठे गेले?

‘कबर्ड हा शब्द इंग्रजांनी आपल्या कपाटावरून उचलला’ असा फॉरवर्ड आला, तो खरा का, असं तुम्ही विचारलंत. खोटा आहे. दोन्ही शब्द कानाला सारखे लागतात, पण नातं काही नाही.

कबर्ड म्हणजे सरळ कप अधिक बोर्ड. जुन्या इंग्रजीत बोर्ड म्हणजे फळी, आणि फळीचं टेबलसुद्धा. (बोर्डिंगमधलं जेवण त्याच टेबलावरचं, कंपनीचं ‘बोर्ड’ही टेबलाभोवती बसणारं.) १४ व्या शतकात कबर्ड म्हणजे पेले मांडायची उघडी फळी. दार नाही, कुलूप नाही. श्रीमंताघरची चांदीची भांडी पाहुण्यांना दिसायला नकोत का?

म्हणजे आपली मांडणीच की! ठाण्यात नौपाड्याच्या चाळीत आमच्या आईची स्टीलची मांडणी होती. वर डबे, मधे उभी ताटं, खालच्या पट्टीच्या हुकांना कानांनी लटकणारे कप. एकाचा कान तुटलेला, तो बिचारा कायम बशीवर उपडा. तेव्हाच्या इंग्रजाने तिला बिनदिक्कत कबर्ड म्हटलं असतं. पुढे १६ व्या शतकात तिकडे दारं आली, मग कप सोडून काहीही आत जाऊ लागलं. नाव तेवढं राहिलं.

‘प’ कुठे गेला म्हणता? ‘प’साठी ओठ मिटतात, ते उघडायच्या आत ‘ब’ येतो. दोन्ही ओष्ठ्य, त्यामुळे एकच उरतो. संस्कृतात अप् अधिक ज म्हणजे अब्ज, तसंच थोडंसं. परवा आमच्या सुताराने एस्टिमेटमध्ये ‘कबट, २ नग’ लिहिलं. हसू नका, उच्चार ‘कपबोर्ड’ म्हणणाऱ्यांपेक्षा त्याचाच जवळचा.

आता कपाट. संस्कृतात त्याचा अर्थ दाराची फळी. आपलं कवाड त्यातलंच, आणि हिंदीत देवळाचे ‘कपाट’ उघडतात ते दारच. मराठीत दाराचं नाव अख्ख्या वस्तूला चिकटलं. (जुन्या घरांत भिंतीतल्या कपाटाला फडताळ म्हणत, तो शब्द मला जास्त आवडतो.) थोडक्यात, इंग्रजांनी फळीला दार लावलं, आपण दारामागे फळ्या ठोकल्या.

आणि त्याला लावायची चावी? तो शब्द पोर्तुगीज. १७३७ पर्यंत ठाणं त्यांच्याच ताब्यात होतं.