विचारा बाईंना : गटात कार्यक्रम पुष्कळ, काम कुठंय?

प्रश्न : बाई, माझा मुलगा १५ वर्षांचा, नववीत आहे. चर्चमधला दृढीकरणाचा संस्कार झाला आणि तेव्हापासून रविवारी चर्चच्या युवक गटाला जा म्हटलं की त्याचं पोट दुखतं. गटात वर्षाला एक गोव्याची सहल, नाताळचा तारा आणि क्रिकेटचा एक सामना. तो म्हणतो, ‘तिथं माझं काय काम?’ त्याचे बाबा म्हणतात, कान धरून पाठव. काय करू?
– एक आई, खानापूर तालुका (बेळगाव, कर्नाटक)

उत्तर : ताई, बाबांच्या उपायापेक्षा मला पोराचा प्रश्न आवडला. कान तेवढा सोडा.

मी तेवीस वर्षं युवक गट सांभाळला. पहिली सात-आठ वर्षं मीही सहलीच काढल्या. गोकाकचा धबधबा इतक्या वेळा दाखवला की पोरं त्याला ‘बाईंचा धबधबा’ म्हणायची. सहलीला बस भरून पोरं यायची, करदंट खायची, आणि पुढच्या रविवारी हॉलमध्ये मी, पेटी आणि अकरा जण. मला वाटायचं, पोरांना श्रद्धा नाही. खरं तर आम्ही त्यांना पाहुण्यासारखं वागवत होतो. पाहुणा किती दिवस येणार?

डोळे उघडले ऑगस्ट २०१९ च्या पुरात. मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय एकदमच चढल्या होत्या. आमच्या हॉलमध्ये जुन्या कपड्यांचे ढीग येऊन पडले. मी पोरांना घड्या घालायला बसवलं. बटणं नसलेले सदरे, विरलेले परकर, एक तर लग्नातला जरीचा कोट! आठवीतली एक मुलगी हातातलं पोलकं वर धरून म्हणाली, “बाई, हे आपण देऊलालोय की टाकूलालोय?”

मला उत्तर सुचेना. मग पोरांनीच ठरवलं, आपण स्वतः घालणार नाही ते बाजूला काढायचं. ढीग निम्म्यावर आला आणि काही मोठी माणसं रागावली. त्यांनी आणलेलंच बाजूला गेलं होतं ना!

पूर ओसरल्यावर नुकसानीचे कागद आले, ते कन्नडमध्ये. आमच्याकडच्या सत्तरीच्या आज्ज्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या. मुलगा पुण्यात, सून गोव्यात. हेस्कॉमचं विजेचं बिल असो, म्हातारपणीच्या संध्या सुरक्षा पेन्शनचा कागद असो की सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार जमा झाल्याचा मेसेज असो, वाचून दाखवायला घरात कुणी नाही. आणि आमची पोरं? मराठी शाळेत असली तरी कन्नड शिकावंच लागतं. त्यावरून घरोघरी कुरकुर चालते, मीही केली आहे. पण त्या दिवशी नववीतला एक पोरगा एका आज्जीला कागदावरची ओळ न ओळ मराठीत सांगत बसला, तेव्हा मी आपली गप्प बसले. मला स्वतःला कन्नड वाचताना अजून बोट ठेवावं लागतं.

तिथून आमचं ‘शनिवारचं टेबल’ सुरू झालं. साडेचार ते सहा, चर्चच्या व्हरांड्यात एक टेबल, दोन बाकं, दोन पोरं आणि जवळ कुणीतरी मोठं माणूस. कागद वाचून द्यायचा, अर्ज भरायला मदत करायची, कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगायचं. पैशाला आणि एटीएम कार्डाला हात लावायचा नाही, कुणी ओटीपी सांगायला लागलं तर कानावर हात. जोडीनंच बसायचं, कुणाच्या घरी एकट्यानं जायचं नाही. आईबापाची लेखी परवानगी हवी. तुमच्याही चर्चमध्ये हे आधी विचारून घ्या. अठराच्या आतलं प्रत्येक लेकरू २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून जपणाऱ्या कायद्याखाली येतं, आणि फादर असोत, सिस्टर असोत की माझ्यासारखी बाई, त्यातून कुणी सुटत नाही. दहावीवाल्यांना एसएसएलसी परीक्षा संपेपर्यंत सुट्टी.

फोटो काढायचे नाहीत, हा नियम मी चूक करून शिकले. एका नाताळला वृद्धाश्रमात केक नेला आणि वीसेक फोटो काढले. एक आजोबा म्हणाले, “तोंड धुवायला तरी वेळ द्यायचा होता, बाई.”

दोन महिने झाले असतील. पाऊस कोसळत होता म्हणून मी शनिवारी टेबल लावू नका म्हटलं, तर एक पोरगा छत्री घेऊन माझ्या दारात. “पाटलांची आज्जी वाट बघूलाल्यात की ओ बाई!” सहलीसाठी असं कुणी दारात आलं नव्हतं.

फादर म्हणतील, ही समाजसेवा झाली, यात चर्चचं काय? त्यांना ओझानामची आठवण द्या. १८३३ साली पॅरिसमध्ये गरिबांच्या मदतीसाठी व्हिन्सेंट द पॉल सोसायटी सुरू झाली, तेव्हा ती सुरू करणाऱ्यांतला हा ओझानाम अवघा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. गरिबाच्या घरी दोघादोघांनी जायचं, ही त्यांची पद्धत अजून चालते. शाळांतल्या वायसीएस (यंग ख्रिश्चन स्टुडंट्स) गटांमध्येही ‘पाहा, पारखा, करा’ हेच शिकवतात. ती रीत बेल्जियमच्या फादर कार्डाइन यांची. आपल्याकडे होतं काय, तर ‘पाहा’साठी प्रोजेक्टर लावतात, ‘पारखा’वर भाषण होतं आणि ‘करा’ची पाळी येईपर्यंत वडापाव येतो.

तेव्हा मुलाला आधी विचारा, तुला काय येतं? सायकलचं पंक्चर, तबला, मोबाइल, काहीही. मग त्याला घेऊन फादरांकडे जा आणि एकच काम मागा. आठवड्याला एक तास, तीन महिने, ठरावीक माणसांसाठी. नुसतं ‘सेवेची संधी द्या’ म्हणालात तर खुर्च्या मांडायला लावतील. तुमच्या गावात टेबल जमणार नसेल तर २ नोव्हेंबरच्या, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनाच्या आधी दफनभूमीतलं गवत काढायचं असतंच. पण तेही ‘सगळ्यांनी मिळून’ नको. ज्या कबरींना आता कुणी नातेवाईक उरलं नाही, त्या चार त्याच्या नावावर द्या. आणि बाबांना सांगा, पहिल्या दिवशी कोयता घेऊन बरोबर जा.

प्रश्न : मी १७ वर्षांचा आहे. चर्चच्या शिबिरात रक्तदान करायचंय, वजन ६२ किलो आहे. नाव देऊ का?
– निपाणी

उत्तर : वजन चालेल रे, वय नाही. अठरा पूर्ण लागतात, वय वाढवून सांगू नकोस. यंदा नावनोंदणीला बस आणि रक्त दिलेल्यांना लगेच उठू देऊ नकोस. आमच्याकडे एक पैलवान बिस्किट न खाताच उठला आणि दारातच बसला.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आमच्याकडे वेदीसेवा (उपासनेत वेदीवर फादरांना मदत करणं) आणि माईक मुलांकडे. फुलं, झाडू आणि चहा मुलींकडे. विचारलं तर ‘तसा नियमच आहे’ म्हणतात. खरंच आहे का?
– बेळगाव

उत्तर : नाही गं. मुलींनी वेदीसेवा करायला व्हॅटिकननं १९९४ मध्येच मोकळीक दिली, आणि जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या धर्मसंहितेत बदल करून वाचक (उपासनेत बायबल वाचणारे) आणि वेदीसेवक ही पदं स्त्रियांनाही रीतसर खुली केली. अर्थात धर्मप्रांतात बिशपांचा आणि चर्चमध्ये फादरांचा शब्द चालतो, म्हणून भांडायला जाऊ नकोस. चार मुलींच्या सह्यांचं साधं पत्र दे: ‘आम्हाला वेदीसेवा शिकायची आहे, कधीपासून येऊ?’ शेवटचे दोन शब्द गाळू नकोस. त्याला ‘बघू’ म्हणणं जरा अवघड जातं.

चहाचं मात्र आजच कर. वहीत पाळ्या लिही, एक आठवडा मुली, एक आठवडा मुलं. पहिल्यांदा मुलांच्या हातून साखर जास्त पडेल. पिऊन टाका.