ब्रॉंझला पहिल्यांदा बसताय?

सांगलीत राहून बॉलरूमची (पाश्चात्त्य जोडीनृत्याची) मेडल परीक्षा जमेल का, असं विचारलंस. ब्रॉंझ ही त्यातली सिल्व्हरच्या आधीची पातळी. नक्की जमेल. पार्टनर नाही म्हणून अडून राहू नकोस. परीक्षा तुझी असते, सोबत सर नाचले तरी चालतं.

आधी ताल पक्का कर. वॉल्ट्झ हा नाच तीन मात्रांचा. दादऱ्याचं ३-३ कानात असेल तर निम्मं काम झालंच. नवी मुलं हमखास चुकतात ती तिसऱ्या मात्रेला: पाय जवळ आणतात, पण वजन त्या पायावर टाकतच नाहीत. मग पुढचं पाऊल चुकीच्या पायाने पडतं आणि सगळी ओळ कोलमडते. हे रोज सावकाश, मोठ्याने मोजत घोटून घे.

बाकी थोडक्यात:
- क्लोज्ड चेंज (तीन पावलं, शेवटी पाय जुळवून), नॅचरल टर्न (उजवं वळण), रिव्हर्स टर्न (डावं वळण). वॉल्ट्झला सुरुवातीला एवढं पुरे. व्हिडिओ बघून सिल्व्हरच्या फिगर (ठरलेले पदन्यास) उचलू नकोस.
- नजर समोर. पायांकडे बघितलंस की खांदे पडतात.
- रबरी तळव्याचे बूट नकोत, ते जमिनीला धरून राहतात आणि वळताना गुडघा पिरगळू शकतो. स्वेड (मऊ, खरखरीत चामडं) तळव्याचे घे.

चा-चा-चा या लॅटिन नाचातली कंबरेची हालचाल? ती आपोआप येईल. आधी गुडघा सरळ करून वजन पूर्ण टाकायला शीक.