लिलावात घेतलेला १९३९ चा रुपया खोटा निघाला. विक्रेता परत घेत नसेल तर काय करावे?

तुमच्या प्रश्नावरून असे दिसते की सहाव्या जॉर्जच्या छापाचा १९३९ चा चांदीचा रुपया तुम्ही ऑनलाइन लिलावात बोली लावून घेतला, तो खोटा असल्याचा तुम्हाला संशय आहे आणि ‘लिलावाचा माल परत घेतला जात नाही’ एवढेच उत्तर विक्रेता देत आहे. मी पुण्यात बरीच वर्षे जुनी नाणी जमवतो आणि नेमक्या याच सालाच्या रुपयात एकदा फसलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

विक्रेत्याशी वाद घालण्याआधी नाणे खोटे असल्याचे मोजमापाने दाखवता आले पाहिजे, कारण ‘मला खोटे वाटते’ या वाक्याला तक्रारीत काडीची किंमत नसते. अस्सल रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा असतो आणि त्यात शेकडा ९१.७ चांदी असते. माझे नाणे रविवार पेठेतल्या सराफाने काट्यावर टाकले तेव्हा ते दहा ग्रॅमही भरले नाही. त्याआधी फरशीवर वाजवूनच त्यांनी मान हलवली होती, कारण बंदा रुपया असा बद्द वाजत नाही.

वजन जुळले तर पाण्याची चाचणी करावी. दोन दशांश स्थळांपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि नाणे दोऱ्याला बांधून, तळाला न टेकवता, पूर्ण बुडवून धरावे. अस्सल नाण्याला काटा सुमारे १.१३ ग्रॅम दाखवतो, तर मुलामा दिलेल्या तांब्या-पितळेच्या नाण्याला १.३ किंवा अधिक. एका लबाडीपुढे मात्र ही चाचणीही हरते: १९३८ चा अस्सल रुपया सहज मिळतो, १९३९ चा दुर्मीळ आहे, म्हणून शेवटचा ८ कोरून त्याचा ९ केला जातो. तिथे भिंगाखाली आकड्याभोवतीचे खरवडलेले धातूचे पृष्ठ पाहणे हाच उपाय. कस पाहण्यासाठी नाण्यावर कानस मात्र मारू देऊ नका, नाहीतर ‘तुम्हीच खराब केले’ असे म्हणायला विक्रेता मोकळा होतो.

आता त्याच्या उत्तराकडे वळू. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार माल बनावट असेल किंवा जाहिरातीतल्या वर्णनाप्रमाणे नसेल, तर तो परत घेण्यास व पैसे परत देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. मात्र हे नियम नियमित धंदा करणाऱ्याला लागू होतात, घरातले एखादे नाणे विकून मोकळ्या होणाऱ्या माणसाला नाही. म्हणून त्याच्या विक्रीच्या पानाचे स्क्रीनशॉट आजच घ्या. माझ्या विक्रेत्याकडे त्याच आठवड्यात १९३९ चे आणखी तीन रुपये बोलीला होते, आणि दुर्मीळ नाणे असे डझनाच्या हिशेबाने निघत नसते, हेच माझ्या तक्रारीतले सर्वांत जड वाक्य ठरले.

बोलीच्या पानावरचे वर्णन, पैसे दिल्याची पावती, पाकिटावरचा पत्ता आणि काट्यावरील नाण्याचे छायाचित्र जोडून संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्याने ४८ तासांत पोच देणे आणि एका महिन्यात निवारण करणे बंधनकारक आहे. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडेही त्याच दिवशी वाद नोंदवा. एवढ्याने न भागल्यास १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता परगावचा असला तरी ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार चालते, म्हणजे तुम्हाला आपल्या जिल्ह्याबाहेर जावे लागणार नाही; मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

माझे प्रकरण तक्रार निवारण अधिकाऱ्यापाशीच मिटले. नाणे स्पीड पोस्टाने परत पाठवले, पाठवण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे काढून ठेवली, आणि रक्कम खात्यात आली. टपालखर्च तेवढा मिळाला नाही.