कॉकटेल पक्ष्याला अँटिबायोटिक लागू पडतंय की नाही, हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की कॉकटेलला अँटिबायोटिक सुरू करून आज तिसरा दिवस, मधेच बरा वाटतो, मधेच पिसं फुलवून बसतो, मग औषध लागू पडतंय हे समजायचं कशावरून. मी डॉक्टर नाही. आमच्या घरी बारा वर्षांपासून कॉकटेल आणि बजी हे पोपटाच्या जातीतले छोटे पक्षी आहेत आणि हे दिवस मी दोनदा काढलेत. एकदा पक्षी वाचला, एकदा गेला. दोन्ही वेळचं सांगते.

पहिल्या वेळी मी फसले ती वाटीमुळे. गोटूची राळ्याची वाटी कायम भरलेली दिसायची, तोही चोच घालून टकटक दाणे सोलत बसायचा. मला वाटलं, खातोय, म्हणजे औषध लागू पडलं. चौथ्या दिवशी हातात घेतला तर छातीचं मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं बोटाला लागलं. वाटीवर फुंकर मारली, टरफलं उडाली आणि खाली सोललेले दाणे तसेच पडलेले. आजारी पक्षी दाणा सोलतो आणि टाकून देतो, गिळत नाही. दुसऱ्या दिवशी गोटू गेला. तेव्हापासून आजारी पक्षी खातोय की नाही, हे मी वाटीवरून ठरवत नाही.

वजन करा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. सकाळी पहिल्यांदा शिटल्यावर, दाणे देण्याआधी, रोज एकाच वेळेला. काट्यावर प्लास्टिकचा डबा ठेवून आकडा शून्य करायचा, मग पक्षी डब्यात. कॉकटेल साधारण ८० ते १०० ग्रॅम भरतो, पण तुमच्या पक्ष्याचं एरवीचं वजन माहीत असेल तर तेच धरा. एरवीच्या दहा टक्के वजन उतरलं असेल तर ते गंभीर आहे. आमची दुसरी, चिमी, एरवी ९३ भरायची. डॉक्टरांकडे नेली तेव्हा ८१. औषध सुरू झाल्यावर रोजचे आकडे असे : ८०, ७९, ७९, ८०, ८२. घरातले म्हणाले, तीन दिवस झाले तरी फरक नाही. पण दुसऱ्यांदा ७९ दिसलं तेव्हाच मला हायसं वाटलं होतं. वजन घसरायचं थांबतं, ही पहिली खूण. वाढतं त्यानंतर.

दुसरी गोष्ट, पिंजऱ्याच्या तळाला कोरा पांढरा कागद घाला, सकाळ-संध्याकाळ बदला आणि प्रत्येक कागदाचा फोटो काढा. नीट पाहिलं तर शिटलेल्यात तीन भाग दिसतात : हिरवट किंवा तपकिरी घट्ट भाग, पांढरा खडूसारखा भाग आणि भोवतीचं पाणी. अगदी थोडं, गडद हिरवं आणि चिकट दिसत असेल तर पोटात अन्न जात नाहीये. पांढरा भागच पिवळा किंवा पोपटी झाला असेल तर यकृताकडे संशय जातो, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. नुसतं पाणी जास्त दिसलं तर घाबरू नका, फळ खाल्लं किंवा पक्षी बिचकला तरी तसं होतं. कागदावरची संख्या वाढू लागली आणि घट्ट भाग भरीव दिसू लागला की तो खरंच खातोय.

वागणं मी मुद्दाम शेवटी घेते. पक्षी आजार लपवतो. तुम्ही खोलीत शिरलात की तो पिसं आवरून ताठ होतो, तुमची पाठ वळली की पुन्हा गोळा होऊन बसतो. म्हणून फोन पिंजऱ्यासमोर टेकवून दहा-पंधरा मिनिटं चित्रण चालू ठेवा आणि खोलीबाहेर जा. नंतर त्यात त्याची शेपूट पाहा. शांत बसलेला असतानाही प्रत्येक श्वासाला शेपूट वर-खाली होत असेल तर थांबू नका, लगेच दाखवा. पिंजऱ्याच्या तळाशी जाऊन बसत असेल तरीही तसंच.

औषध जुळलं असेल तर ४८ ते ७२ तासांत काहीतरी फरक पडायला हवा. म्हणजे तुमची मुदत आजचीच. वजन अजून उतरत असेल तर आजच फोन करा. डोस स्वतःहून वाढवू नका, दुकानदाराने सुचवलेलं दुसरं औषध तर मुळीच देऊ नका. अँटिबायोटिक फक्त जिवाणूंवर चालतं, बुरशीवर किंवा विषाणूवर नाही. कोणतं औषध चालेल हे स्वॅब घेऊन तपासता येतं, तेही विचारा.

औषध पिण्याच्या पाण्यात घालून देत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. आजारी पक्षी पाणी कमी पितो, कडू लागलं तर आणखी कमी, मग पोटात किती गेलं हे कुणालाच कळत नाही. चोचीतून देत असाल तर थेंबाथेंबाने, त्याला गिळू देत द्या. एकदम ढकललं तर औषध श्वासनलिकेत जातं. औषध डॉक्सीसायक्लिन किंवा एन्रोफ्लॉक्सॅसिन असेल तर पिंजऱ्यातला समुद्रफेस आणि कॅल्शियमची वडी काढायची का, हेही विचारून घ्या. कॅल्शियममुळे ही औषधं अंगात नीट शोषली जात नाहीत. मला हे फार उशिरा कळलं.

ऊब द्या. पिंजऱ्याच्या एकाच बाजूला बल्ब लावा, म्हणजे नको झालं तर त्याला दुसरीकडे सरकता येईल. ३० अंशांच्या आसपास पुरे. पंख अंगापासून सुटे धरून धापा टाकू लागला तर गरम जास्त झालंय.

चार-पाच दिवसांत तो शीळ घालायला लागेल आणि औषध थांबवायचा मोह होईल. थांबवू नका. सिटॅकोसिस हा पोपटांना होणारा जिवाणूंचा आजार असेल तर डॉक्सीसायक्लिनचा कोर्स सहसा ४५ दिवसांचा असतो. हा आजार माणसांनाही होतो, म्हणून कागद कोरडे झटकू नका. पाणी शिंपडून, मास्क लावून गुंडाळा आणि घरात कुणाला ताप-खोकला आला तर तुमच्या डॉक्टरांना पक्ष्याबद्दल सांगा. लांबलेल्या कोर्समध्ये एक वेगळा त्रास होऊ शकतो. पक्षी खाल्लेलं पुन्हा उलटून टाकतो, तोंडाला आंबूस वास येतो, आत पांढरे चट्टे दिसतात. हा बुरशीचा त्रास, त्याचं औषध वेगळं असतं.

सगळेच जनावरांचे डॉक्टर पक्षी बघत नाहीत. आमच्या जवळच्या दवाखान्यात कुत्र्या-मांजरांच्या अंदाजाने औषध दिलं गेलं होतं, आणि गोटूच्या वेळी त्यातच दोन दिवस गेले. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जवळ असाल तर पक्षी बघणारं कोण आहे, याची तिथे चौकशी करा.

आता लगेच काटा काढून आजचं वजन लिहून ठेवा. फोन कराल तेव्हा हा आकडा आणि कागदांचे फोटो हाताशी असू द्या.